तोकुजिरोचा शुभ दिवस

पर्सिमनची फळं सोलून वाळवायला दोरीला बांधायचं काम चाललं होतं आणि तोकुजिरो सकाळपासून माझ्याशी भांडत होता. मी एवढंच म्हणालो होतो की तालुक्याला तो ओगिवारा दस्त लिहितो, त्याच्याकडून मृत्युपत्र करून घे.

"शिग्या, अक्कल हाय का तुला?" सुरी माझ्यावर रोखून तो म्हणाला. "देवळाची निशाणं कुणी लिवली? तुझ्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिका कुणी लिवल्या? आन मला त्यो चष्मिस लिवायला शिकवणार व्हय?"

"अक्षर न्हाई शिकवणार, बाबा. कायदा सांगंल."

"माझी जमीन, माझा हात. मधी कायदा कशाला?"

त्याच्या अक्षराला पंचक्रोशीत तोड नव्हती, हे खरंच. पण सवाल त्याच्या सुनेचा होता. मुलगा मोरिओ जाऊन नऊ वर्षं झाली, पोरबाळ नाही. फुमिए माहेरी परतली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. ती राहिली. बाग तिनं राखली, आणि म्हाताऱ्याचे गुडघे गेल्यावर त्याला पाठुंगळी घेऊन न्हाणीपर्यंत नेऊ लागली. एवढं करून मृत्युपत्र नसेल तर सुनेच्या हाती मूठभर मातीही येत नाही. सगळं जाणार नागोयाच्या कात्सुयोला, म्हणजे पितरांच्या सणाला दोन दिवस येऊन डासांची तक्रार करणाऱ्या लेकीला.

फुमिए खाली मान घालून गाठी मारत होती. शेवटी हळूच म्हणाली, "मामंजी, काका म्हणत्यात तर जाऊन येऊ की. मी गाडी काढते."

"तू गप. तुझ्या नावानं लिवायचंय आन तूच गाडीत घालून नेलंस, तर कात्सुयो काय म्हणंल? सुनेनं बांधून नेला म्हणंल!"

तिनं पुढची गाठ मारायला घेतली. पुन्हा बोलली असती तर गावानंही तेच म्हटलं असतं.

तोकुजिरोनं हात धुतले, शाई उगाळली आणि कुंचला उचलला. घर आणि बाग माझी सून फुमिए हिला. काय लिहिलं होतं! मी सोलायचं सोडून बघत होतो. तारखेपाशी येऊन मात्र त्याचा हात थांबला.

"आज दिवस कसा हाय रं?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्यात प्रत्येक तारखेखाली दिवस शुभ की अशुभ ते छापलेलं असतं, आणि तो दिवस सगळ्यांत अशुभ निघाला.

"वंगाळ हाय. परवा लिव."

"परवा मी असंन का नसंन! आन असल्या दिवसाची तारीख सुनेच्या कागदावर घालू?"

मला उठायची घाई होती, घरी माझी फळं तशीच पडली होती. म्हणालो, "मग पत्रिकेवर तारखेऐवजी लिवतोस तसं लिव की. नोव्हेंबरचा शुभ दिवस. कोण इचारतंय?"

"आत्ता कसं शाण्यावानी बोललास!"

त्यानं तसं लिहिलं, खाली नाव घातलं, शिक्का मारला आणि कागद पाकिटात बंद केला. ती अक्कल माझी होती, हे मी कुणापासून लपवत नाही.

फेब्रुवारीत ऐन बर्फात तोकुजिरो गेला. कोर्टात पाकीट उघडलं आणि कात्सुयोच्या वकिलानं तिथंच हरकत घेतली. मी फुमिएला घेऊन ओगिवाराकडे धावलो. त्यानं नक्कल दोनदा वाचली.

"तारीख कुठंय?"

"ही काय, शुभ दिवस!"

"कुठला? महिन्यात असे चार-पाच तरी येतात. कायद्याला नेमका दिवस लागतो. तो नाही, म्हणजे हे मृत्युपत्रच नाही."

"आवो, मी समोर होतो! मी सांगतो तारीख!"

"तुम्ही सांगून चालत नाही. त्यांनी लिहायला हवी होती." त्यानं चष्मा काढला. "अर्धा तास माझ्याकडे आले असते तर..."

फुमिएनं वाकून त्याला नमस्कार केला, तसदी दिली म्हणाली. बाहेर आल्यावर मी तोंड उघडणार तोच तिनं हात वर केला.

"काका, त्या दिवशी तुमी नुसतं सोलायला आला असता, बोलायला नसता आला, तर लई बरं झालं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कात्सुयो आली ती काही वाईट बोलली नाही. महिनाअखेरपर्यंत राहा म्हणाली, बागेला गिऱ्हाईक मिळालंय म्हणाली. मग मूळ कागद उलगडून रडायलाच लागली. "बाबांचं अक्षर! ह्याची फ्रेम करून दिवाणखान्यात लावणार."

फुमिए गुडघ्यांवर बसली होती. "वन्सं, बाकी काय नको. त्यो कागुद तेवढा मला द्या. त्यात माझं नाव हाय. आता त्याचा काय उपेग न्हाई म्हणत्यात."

"उपयोग असता तर द्यावाच लागला असता गं वहिनी," कात्सुयो डोळे पुसत म्हणाली. "आता बाबांच्या सगळ्या वस्तू माझ्याच ना?"

मी तिथंच होतो. बोलायची वेळ होती तेव्हा मात्र मी चहाचा पेला तोंडाला लावला.

फुमिए आता तालुक्याला एका खाणावळीत भांडी घासते. आणि नागोयात कात्सुयोकडे येणारे पाहुणे भिंतीसमोर उभे राहून वाचतात म्हणे, घर आणि बाग माझी सून फुमिए हिला. वाचून म्हणतात, काय सुंदर अक्षर.