ताईसाठी कोणीतरी

ताईला गोळ्यांची सवय लागली आहे, हे तिच्या भावाला सगळ्यांत शेवटी कळलं. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. मोटरच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. पण बहीण वर्षभर डोळ्यांदेखत खंगत होती, आणि तो समजत होता की पाठदुखीनं तिला जेरीस आणलंय.

पाठदुखी खोटी नव्हती. ताई एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात होती. वॉर्डावर जाणाऱ्या गोळ्या मोजून देणं तिच्याकडे होतं. मणक्यातली गादी सरकली तेव्हा डॉक्टरांनी तिला कडक वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. चिठ्ठी संपल्यावर ती विभागाच्या कपाटातल्या घेऊ लागली. एक दिवस हिशेब जुळेना. गाजावाजा नको म्हणून वरिष्ठांनी तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. लहानपणी तो बुटका होता म्हणून ती त्याला ‘ठेंगू’ म्हणायची. आता तो दारातून वाकून आत यायचा, तरी ठेंगूच.

रुग्णालयात तीन आठवडे ठेवून डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या. घरी सोडताना म्हणाले, “शरीराचं माझ्याकडून झालं. आता बोलायला कोणीतरी शोधा. नाहीतर पुन्हा इथंच भेटू.”

पहिली थेरपिस्ट तरुण होती. तिनं प्रश्नांचे चार कागद दिले. ताईनं ते भराभर भरले. मुलगी खूश झाली. “तुमच्या ताई फारच समजूतदार आहेत हो!”

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, “ठेंगू, हेच कागद आम्ही पेशंटना वाटायचो. उत्तरं पाठ आहेत मला.”

महिन्याभरात त्याला कपडे धुण्याच्या पावडरीच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. पुन्हा डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून.

दुसरे थेरपिस्ट नावाजलेले गृहस्थ होते. त्यांनी इच्छाशक्तीवर भाषणच ठोकलं. “मनावर घ्या, ताई. भावाकडे बघा, किती धावपळ करतोय बिचारा.” विसाव्या मिनिटाला ताई उठून बाहेर आली. “त्याला श्रोते हवेत. मला नाही जमणार,” म्हणाली, आणि चपला घालून चालू लागली.

मग तो जेवणाच्या सुट्टीत मोटरच्या खोलीत बसून फोन फिरवायचा. कुणी सात आठवडे थांबा म्हणे, कुणी गोळ्यांचं नाव ऐकूनच दुसरा नंबर देई. त्या नंबरावर फोन केला की ते पुन्हा पहिल्याचाच देत. ताईला घरी एकटं सोडून कामावर जाताना त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा.

अशातच एका जुन्या इमारतीतून फोन आला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे. त्यानं दार उघडलं तेव्हा आत एक माणूस घामानं निथळत खाली बसला होता आणि शेजारी साठीच्या एक बाई, त्याही फरशीवरच. त्या त्याला धीर देत नव्हत्या, समजावत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, आणि तो बडबडत होता ते ऐकत होत्या.

“चाळीस मिनिटं लावलीत,” बाई दार उघडणाऱ्या भावाला म्हणाल्या. “पण याचं सगळं बोलून झालं.”

“डॉक्टर आहात का?”

“नाही. तिसऱ्या मजल्यावर बसते. दारू, गोळ्या, जुगार, ज्यांना जे सुटत नाही ते घेऊन माझ्याकडे येतात.”

तो अवजारांची पेटी उचलायची विसरला. “माझ्या ताईला आणू?”

“आणा. पण आत ती एकटी येईल.”

पहिल्या मंगळवारी ताई तासभर एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या मंगळवारीही तेच. तो बाहेर जिन्यावर बसून असायचा. “काय म्हणाल्या?” त्यानं विचारलं.

“काही नाही. पुढच्या मंगळवारी या म्हणाल्या.” मग जिना उतरता उतरता, “बरी आहे बाई.”

पाचव्या मंगळवारी ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. जिन्यावर त्याच्याशेजारी बसून तिनं त्यालाही सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात कपाटावर वरिष्ठांची नजर होती, गोळ्या काढता येत नव्हत्या. तेव्हा तिनं कर्करोगाच्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या गोळ्या स्वतः घेतल्या आणि पुडीत तशाच दिसणाऱ्या जीवनसत्त्वाच्या घातल्या. तीन दिवस. चौथ्या दिवशी ती पेशंट गेली.

“ती जाणारच होती,” ताई म्हणाली. “पण दुखत दुखत गेली, ठेंगू. माझ्यामुळे.”

त्याला ताईच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण क्षणभर हात उचललाच गेला नाही. तिला ते कळलं. मग ठेवला.

त्या पेशंटच्या मुलीला जाऊन सांगायचं, असं ताईनं ठरवलं. बाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, “हे तिच्यासाठी करताय की स्वतःसाठी? आधी ते बघा.” ताईनं दोन मंगळवार त्यात घालवले. शेवटी म्हणाली, “मला नाही ठरवता येत. पण तिच्या आईचं काय झालं ते मला माहीत आहे आणि तिला नाही, हे बरोबर नाही.”

एका रविवारी सकाळी दोघं गेली. मुलगी चाळिशीची होती, शाळेत शिकवायची. टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. तिनं पाणी दिलं. ताईनं ग्लासाला हात न लावता सगळं सांगितलं. काही हातचं राखलं नाही, रडली नाही, माफीही मागितली नाही.

शिक्षिका बराच वेळ हातातल्या लाल पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिली.

“तीन दिवस आई सांगत होती,” ती म्हणाली. “गोळीचा काही उपयोग होत नाहीये गं. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, आत्ताच तर घेतलीस, उगाच नाटकं करू नकोस. तिच्याशी शेवटचं बोलणं झालं ते हेच.”

ताईनं तोंडावर हात ठेवला.

“आत्तापर्यंत वाटायचं, आजारानंच ती तसं बोलत होती,” शिक्षिका म्हणाली. “आता काय वाटून घेऊ? जा तुम्ही. दोघंही जा.”

जिना उतरून खाली आल्यावर ताईच म्हणाली, “मला घरी एकटीला सोडू नकोस. बाईंना फोन लाव.”

रविवार असूनही बाईंनी फोन उचलला. ताई गाडीत बसून बोलत राहिली, तो बाहेर फुटपाथवर उभा राहिला. काचेआडून तिचा आवाज येत नव्हता.

शिक्षिकेनं रीतसर तक्रार केली. ताईनं चौकशीत सगळं कबूल केलं, तिचा फार्मासिस्टचा परवाना कायमचा रद्द झाला. आता ती एका कारखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या करते. शिक्षिकेला तिनं एक पत्र पाठवलं होतं, ते न फोडता परत आलं. दुसरं पाठवू नका, असं बाईंनीच सांगितलं.

त्या रविवारला चौदा महिने झाले. ताईनं गोळी घेतलेली नाही. भाऊ कधी कुणाला हे सांगायला गेला, तर ती त्याला अडवते. “कौतुक नको रे,” म्हणते, आणि दुसरा विषय काढते. मंगळवारी ती अजून तिसऱ्या मजल्यावर जाते, आता एकटीच, आणि कधी कधी अजूनही तासभर काहीच बोलत नाही.