निएवेसचा फोटो आणि माझा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे. कॅमेऱ्याखाली तीन पायांवर उभा राहतो, तो. फोटोत मी कधीच येत नाही, त्यामुळे माझी कोणी विचारपूस करत नाही. पण मी जरा हललो की कॅमेऱ्याची सगळी ऐट संपते, हे लक्षात असू द्या.

उंच पठारावरच्या ओरुरो शहरातल्या एका सुताराने एका मोडक्या दाराच्या लाकडातून मला घडवलं. पाय हवे तेवढे लांब करायचे आणि पितळी स्क्रू आवळायचे, एवढंच माझं तंत्र. कासिमिरो फोटोग्राफर मला खांद्यावर टाकून पठारावरच्या गावोगावच्या जत्रा हिंडायचा. बरोबर पेटीचा कॅमेरा, काळं कापड, पाण्याची बादली आणि समुद्र रंगवलेला पडदा. आमच्या देशाचा किनारा जुन्या युद्धात गेला, समुद्र उरलेला नाही, म्हणून जो तो त्या पडद्यापुढेच बसायला धडपडायचा. वारा सुटला की कासिमिरो माझ्या पोटाशी दगडांची पिशवी बांधायचा आणि लोकांना सांगायचा, "हा माझा भाऊच आहे. फक्त जेवायला मागत नाही." ते ऐकून माझी छाती फुगायची.

त्याच्या या प्रेमानेच घात केला. कार्निव्हलच्या मंगळवारी आमच्याकडे घराला, गाडीला, अवजारांना कागदी फिती बांधतात आणि धरणीमाय पाचामामाला बिअर पाजतात. त्या वर्षी कासिमिरो रंगात आला होता. त्याने अर्धी बाटली माझ्याच पायांवर ओतली.

"अहो, जमिनीला पाजा. लाकडाच्या सांध्यात कशाला ओतताय?" त्याची बायको तोरिबिया म्हणाली.

"वर्षभर उभा राहतो बिचारा. त्याला घोटभर नको?"

तोरिबियाने कपाळाला हात लावला. मला मात्र लाड आवडले. खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी बटाटे विकणारी बासिलिया आपल्या लेकीला घेऊन धावत आली. निएवेस एकोणीस वर्षांची. शिवणकामाला सीमेपलीकडे ब्युनोस आयर्सला निघाली होती आणि बस चौकात उभी होती. बासिलियाकडे लेकीचा एकही फोटो नव्हता.

"भाऊ, लवकर. आणि ही हसली तर काढू नकोस, हसताना ही कोणासारखीच दिसत नाही."

"आई, तू गप्प बसलीस तर मी हसणार नाही," निएवेस म्हणाली.

कासिमिरोने माझे स्क्रू आवळले. डाव्या पायाच्या स्क्रूत बिअर वाळून चिकट झाली होती. हाताला तो घट्ट लागला, पण आत पकड नव्हती. भिंगावरचं झाकण उघडून कासिमिरो तीनपर्यंत मोजू लागला. एक. दोन. दोनाला माझा पाय बोटभर खाली सरकला.

फोटो पेटीतच धुऊन निघायला दहा मिनिटं लागायची. निघाला तेव्हा निएवेसला घेऊन बस गेलेली होती. कागदावर एका निएवेसच्या दोन पुसट बायका झाल्या होत्या आणि एकीलाही तोंड नव्हतं. कासिमिरोने बासिलियाकडे पाहायचं टाळलं. "पुढच्या कार्निव्हलला ती आली की पुन्हा काढू," तो म्हणाला.

निएवेस आली नाही. दोन पत्रं आली, मग तीही थांबली. कासिमिरो त्यानंतर दर संध्याकाळी माझा सांधा न् सांधा कोरड्या फडक्याने पुसू लागला. बासिलिया दर कार्निव्हलला आमच्याकडे यायची आणि तो पुसट फोटो लोकांना दाखवायची. पहिल्या वर्षी ती भुवईजवळचा तीळसुद्धा सांगायची. मग तीळ कोणत्या बाजूला, यात घोटाळा होऊ लागला. नवव्या वर्षी ती लोकांना इतकंच म्हणाली, "उंच होती."

मग ती कासिमिरोकडे वळली. "भाऊ, तू तिला काचेवर नीट पाहिलं होतंस. नाक कसं होतं रे तिचं? मला आठवेना झालंय."

पेटीच्या काचेवर सगळे उलटे दिसतात, आणि कासिमिरोने त्या नऊ वर्षांत हजारो माणसं पाहिली होती. तरी तो लगेच म्हणाला, "ताई, नाक तुझंच. तिथे बस."

त्याने मला तिच्यापुढे रोवलं, तिन्ही स्क्रू दोनदा तपासले. मी जागचा हललो नाही. फोटो स्वच्छ आला. बासिलियाने अंगठ्याने गालावरच्या सुरकुत्या झाकल्या, मग कपाळावरच्या, आणि राहिलेल्या नाकाकडे बराच वेळ पाहिलं.

"हेच," ती म्हणाली आणि शालीआड रडली.

आता कासिमिरो नाही. मी तोरिबियाच्या कोठीत असतो, माझ्यावर कोंबड्या झोपतात. निएवेसची मला फार आठवण येते. मित्रांनो, प्रवासाला निघताना कॅमेरा तर तुम्ही जिवापाड जपालच. त्याच्या खाली जो उभा राहतो त्याचे सांधेही पुसा, स्क्रू फिरवून पाहा, आणि समोरचं माणूस दूर जाणार असेल तर दोनदा पाहा. मला फक्त तीन आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं होतं.