एका मताचा गद्दार

ज्या संघटनेत सगळे मिळून चार जण असतात, तिच्या बैठकीला उशिरा पोचायची सोय नसते. एक जण आला नाही की पाव संघटना गायब! त्यामुळे शनिवारी संध्याकाळी ठराव धापा टाकत होस्टेलच्या इस्त्रीच्या खोलीत शिरला, तेव्हा उरलेली पाऊण संघटना त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

ठराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खिडकी उघडायची की बंद ठेवायची, हेसुद्धा तो "माझा असा ठराव आहे की" अशी सुरुवात करून सांगायचा आणि त्यावर मतं मागायचा. मग असं नाव पडायला कितीसा वेळ लागतो? बाकीच्या तिघांत सगळ्यांत मोठी ताई. तिचं संशोधन इतकी वर्षं चाललं होतं की कंटाळून तिचे मार्गदर्शकच निवृत्त झाले होते. दुसरा भिंती रंगवणारा पोस्टर, आणि तिसरा चष्मा, जो जाड पुस्तकांच्या फक्त प्रस्तावना वाचायचा आणि चर्चा मात्र अख्ख्या पुस्तकावर करायचा. बैठकीला त्यांनी इस्त्रीची खोली धरली होती, कारण तिथे कुणी फिरकत नसे. होस्टेलच्या पोरांना चुरगळलेले कपडे चालायचे. या चौघांना तर ते तत्त्व म्हणूनच हवे असायचे.

विषय एकच होता: विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी उमेदवार ठरवणं. मागच्या वर्षी ताई उभी होती आणि एका मताने पडली होती. निवडून आला तो समोरच्या संघटनेचा गॉगल, जो ढगाळ दिवशीसुद्धा डोळ्यांवरचा गॉगल काढत नसे. ते एक मत कुणी फोडलं, याचा शोध वर्षभर चालू होता. लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येकाकडे हे चौघे संशयाने बघायचे.

या खेपेला ठरावचं नाव जवळजवळ नक्की होतं आणि त्याला ते मनापासून हवं होतं. आंघोळ करताना तो विजयाचं भाषण म्हणून बघायचा. त्यात "मला पदाचा मोह नाही" हे वाक्य आलं की टाळ्यांसाठी तो दर वेळी जरा थांबायचा.

पण उमेदवाराने आधी आत्मटीका करायची, असा संघटनेचा रिवाज होता. उभं राहायचं आणि आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायची. चष्म्याने मागे एकदा धरणं सोडून सिनेमाला गेल्याचं कबूल केलं होतं. पोस्टरने महागडे बूट घेतल्याचं सांगितलं, तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ठरावची पंचाईत अशी, की त्याच्याजवळ चारचौघांत मांडावी अशी चूकच नव्हती. होत्या त्या सगळ्या फुटकळ. रूममेटचा साबण तो रोज न विचारता वापरायचा. आईचा फोन आला की "बैठकीत आहे" म्हणून ठेवून द्यायचा आणि परत पांघरुणात शिरायचा. असल्या किरकोळ भांडवलावर अध्यक्षपदाला उभं राहायचं म्हणजे हसंच की!

म्हणून त्याने जरा वजनदार चूक मनाशी रचून ठेवली होती. गेल्या निवडणुकीत आपलं मन क्षणभर डळमळलं होतं, एवढंच सांगायचं आणि खाली बसायचं.

"बोल," ताई म्हणाली.

ठराव उभा राहिला. तिघांचे डोळे आपल्यावर खिळलेले बघून त्याला स्फुरण चढलं, आणि भाषणबाजीची सवय असलेल्या माणसाचं जे होतं तेच झालं.

"साथींनो, गेल्या वर्षी माझा वैचारिक गोंधळ झाला होता. आत गेलो, हातात शिक्का घेतला आणि... मी गॉगलला मत दिलं."

वाक्य फार झकास जमलं होतं. मग त्याला मतांचा फरक आठवला: एक.

आता आरडाओरडा होणार, असं त्याला वाटलं. पण कुणी आवाजही चढवला नाही. "सापडला शेवटी," असं म्हणून पोस्टरने केवढा तरी मोठा श्वास सोडला. चष्म्याने चष्मा काढून पुसला. का केलंस, कसं केलंस, हे एकानेही विचारलं नाही. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत निर्णय झाला: उमेदवारी रद्द, आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्याच्याशी कुणी एक शब्दही बोलायचा नाही.

तो आठवडा मोठा विचित्र गेला. चारचौघांत तिघेही त्याला बघून तोंड फिरवायचे. पण कँटीनच्या मागच्या बाजूला पोस्टर गुपचूप त्याच्या हातात चहा ठेवून निघून गेला. चष्म्याने आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक, जे तो कुणाला हातही लावू देत नसे, त्याच्या दाराशी आणून ठेवलं. जिन्यात भेटलेल्या ताईने आधी वर-खाली कुणी नाही ना ते बघून घेतलं आणि मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत हळूच विचारलं, "जेवतोस ना रे वेळेवर?" गॉगलने तर कहरच केला. भर पायऱ्यांवर त्याला मिठी मारून तो ओरडला, "आपला माणूस!" ठरावला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

रूममेटला सगळे शेठ म्हणायचे, कारण त्याच्याकडे स्वतःची किटली होती आणि राजकारणाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. त्याच्यापाशी ठरावने एकदाचं मन मोकळं केलं.

"मी मत ताईलाच दिलं होतं रे. उगाच तोंडातून निघून गेलं."

"मग तसं सांगून टाक."

"आता कोण विश्वास ठेवणार?"

शेठने किटलीतून पाणी ओतता ओतता विचार केला. "मला एक सांग. तुझ्यामुळे ते हरले ना? मग तुझे एवढे लाड कशाला करतात?"

"मनाने चांगले आहेत रे."

"इतकं चांगलं कुणी नसतं," शेठ म्हणाला. "आणि साबण संपलाय. या खेपेला तू आण."

शनिवारी ठराव बैठकीत उभा राहिला. "मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मोठी चूक सांगायचा मोह झाला. मी मत ताईलाच दिलं होतं. शप्पथ."

आता हे सुटकेचा निःश्वास टाकतील, एखादा पाठीवर थाप मारेल, अशी त्याची आशा होती. तिघांचे चेहरे पार उतरले.

"नीट आठव बरं," चष्मा म्हणाला. "गर्दीत गोंधळ होतो कधी कधी."

"असू दे रे, होतं माणसाकडून," पोस्टर जवळजवळ विनवणीच करत होता. "आम्ही कुठे काय म्हणतोय?"

"शिक्षा कमी करू हवी तर," ताई म्हणाली.

ठराव त्यांच्याकडे बघतच राहिला. आपण गद्दार निघालो याचं त्यांना दुःख नव्हतं, आपण गद्दार नाही याचं होतं. त्याला फार वाईट वाटलं. शेठचं म्हणणं आत्ता कुठे त्याच्या डोक्यात शिरलं.

"माझा असा ठराव आहे," तो सावकाश म्हणाला, "की प्रत्येकाने आपण त्या दिवशी काय केलं ते सांगावं."

मग पोस्टरने आपल्या महागड्या बुटांकडे बघत सुरुवात केली. "मी आदल्या रात्री भिंती रंगवत होतो. 'मतदानाला चला.' मोठी अक्षरं, तीन रंगांत. सकाळी जरा आडवा झालो, तो डोळा उघडला तेव्हा मतमोजणी चालू होती."

"माझं मत बाद झालं असणार," चष्मा पुटपुटला. "शिक्का ताईलाच मारला होता. पण खाली थोडं लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"निवडणुकीने व्यवस्था बदलत नाही, असं. जरा सविस्तर."

राहिली ताई. ती इस्त्रीच्या टेबलावरचा जळका डाग नखाने खरवडत होती.

"स्वतःच्याच नावावर शिक्का मारायची लाज वाटली रे," ती म्हणाली. "म्हटलं, बरं दिसत नाही. एका मताने काय होतंय?"

"मग कुणाला दिलंस?"

"गॉगलला."

ठरावचा संताप संताप झाला. या खोलीत जेवढी मतं होती, त्यांतलं नीट पडलेलं एकच, आणि ते त्याचं! "आठ दिवस," तो म्हणाला, "आठ दिवस मला गद्दार ठरवून बसलात. एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही?"

"वाटत होतं रे. रोज वाटत होतं," ताई म्हणाली. "पण वर्षभर मी माझ्याच मागावर होते. हे आठ दिवस मला जरा झोप लागली."

ठरावचा राग गेला नव्हता, पण तो काढावा अशी जागाही दिसत नव्हती. आणि ताईचा चेहरा बघवत नव्हता.

"चला," तिने पदराला... नव्हे, ओढणीला डोळे पुसले आणि बैठकीतला आवाज लावला. "अध्यक्षपदासाठी ठराव. बाजूने कोण?"

चष्म्याचा हात वर गेला, पोस्टरचा गेला, ताईचाही. ठराव नम्रपणे खाली मान घालून, हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याला पदाचा मोह नव्हता.

ताई टेबलावरून उठली, त्याच्यापाशी आली आणि त्याचं मनगट धरून तिने त्याचा हात वर ओढला.

"तुझाही लागेल," ती म्हणाली.