साडेबाराची वेळ

"सात हजार किलोमीटर, आन् साडेपाच तासांत!" राधाकृष्ण सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाले. "इथनं मुंबईला आमची गाडी त्यापेक्षा जास्त घ्यायची."

मालनबाईंचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होतं. नर्सच्या नोकरीसाठी लंडनला निघालेल्या लेकीनं, संस्कृतीनं, जाताना त्यावर पेनानं लिहून ठेवलं होतं: मुंबई सात, लंडन साडेबारा. राधाकृष्णांनी एकतीस वर्षं बसस्टँडवर गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. मिरजगाव त्यांना अजून कंट्रोलरच म्हणे. त्यांनी सवयीनं वजाबाकी केली आणि विषय मिटवला.

साडेबारा वाजले. एक वाजला. संस्कृतीचा फोन बंद. दोनला मालनबाई म्हणाल्या, "अवो, टीव्हीवर काय दावत्यात का बगू?"

"नको!" कंट्रोलर ओरडले. टीव्हीवर काय दिसेल याचीच त्यांना भीती वाटत होती. घरात बसवेना, तेव्हा चपला अडकवून ते भर उन्हात स्टँडवर गेले.

गाडी न येणं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी अशाच दुपारी नगरची गाडी आली नव्हती. समोरून ट्रक धडकल्याचा फोन स्टँडात तीनलाच आला होता. पण बाकावर मुलाची वाट बघत बसलेल्या रामहरीला ते पाचपर्यंत सांगत राहिले, "येतीय, पंक्चर झालीय." खरं सांगायचा धीरच झाला नाही.

रामहरीची आता स्टँडसमोर रसवंती होती. त्या दिवसाबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नव्हते. कंट्रोलर त्याच बाकावर बसलेले दिसले, तसा तो रस्ता ओलांडून आला.

"काय झालं?"

"पोरीचं विमान. साडेबाराला उतरायचं हुतं. फोन लागंना." कंट्रोलरांनी स्टँडातल्या घड्याळाकडे बघितलं. "रामहरी, काय झालं आसंल रं?"

रामहरी शेजारी बसला. काही होणार नाही, असं तो म्हणाला नाही. दुकान उघडं टाकून नुसता बसून राहिला. तीन वाजले, चार वाजले.

सव्वापाचला फोन वाजला.

"आबा, उतरले!" संस्कृती हसत होती. "आईचे केवढे मिस्ड कॉल! अहो, साडेबारा इथले, लंडनचे. इथलं घड्याळ साडेचार तास मागे आहे. विमानाला दहा तास लागतात, आबा!"

कंट्रोलरांना रडू फुटलं. मग हसूही आलं, पण शेजारी रामहरी होता. त्यांनी ते गिळलं.

"पोचली?"

"पोचली."

"बरं झालं." रामहरी गुडघ्यावर हात टेकून उठला. दोन पावलं जाऊन थांबला. "तवा मला तीनलाच सांगाया पायजे हुतं, कंट्रोलर. दोन तास मी त्याच्यासाटी भज्यांचा पुडा धरून बसलो हुतो."

तो रस्ता ओलांडून गेला. थोड्या वेळानं चरकाची घुंगरं वाजू लागली. फोनमध्ये संस्कृती "आबा, हॅलो, ऐकू येतंय ना?" विचारत होती. कंट्रोलरांना बाकावरून उठता येईना.