तीन दिवस बंद राहिलेला सर्व्हर

गावाहून परतल्यावर नवऱ्याने आधी चपलांच्या कपाटावरचा जुना कॉम्प्युटर पाहिला. घरच्या सगळ्यांचे ईमेल घेणारा मेल सर्व्हर त्यावरच चालायचा. तो बंद होता.

"निघताना सगळी बटणं मीच बंद केली," सासूबाई म्हणाल्या. "मागे आग लागायला नको."

सुनेने घड्याळाकडे पाहिलं. नोकरीचं पत्र शुक्रवारी घरच्याच ईमेल पत्त्यावर येणार होतं, आणि गावी रेंज नसल्याने ते पाहता आलं नव्हतं. निवड झाली तर सोमवारी पाचच्या आत होकार कळवा, असं रुग्णालयाने मुलाखतीतच बजावलं होतं. आज सोमवार होता आणि चार वाजले होते.

"म्हणे, स्वतःचा सर्व्हर! घ्या आता," ती नवऱ्यावर उखडली.

"अगं, आपला सर्व्हर बंद दिसला तर त्यांचा सर्व्हर पत्र फेकून देत नाही. चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून बघतो," तो बटण दाबत म्हणाला.

आधी कुठल्याशा गाद्यांची जाहिरात आली. नंतर वीस मिनिटं काहीच नाही. चार पंचविसला पत्र आलं. निवड झाली होती.

तिने होकार पाठवला आणि खात्रीसाठी फोनही केला.

"मिळाला," पलीकडून कारकून म्हणाला.

ती मटकन जमिनीवर बसली आणि हसत सुटली. सासूबाईंनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.