डावीकडे झुकणारी धार

या मित्रांनो, जरा जवळ सरका. बुवांचं कीर्तन उभं राहायला अजून घटकाभर अवकाश आहे. टाळ पिशवीतच आहेत, मृदंगाला कणीकही लावलेली नाही. तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती खरी आहे, कारण ती माझ्याच पोटातून वाहून गेली.

मी एक जुनी तांब्याची झारी आहे. समयांच्या मागे पाहा, ती हिरवट पडलेली, पोट चेपलेली, चोच वाकडी झालेली, तीच मी. ठाण्याच्या बाजारातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं, आणि एका नवस फेडणाऱ्या बाईने मला या तळ्याकाठच्या देवळाला वाहिलं. तेव्हा माझा रंग असा होता, की कीर्तनाला बसलेली लहान मुलं बुवांकडे न बघता माझ्यात आपली तोंडं बघत. बुवा आले की त्यांच्या पायांवर पहिली धार माझी. संत-सज्जनांच्या पायांची ती धूळ माझ्या पाण्याने निघाली, याहून मोठं भाग्य भांड्याला कोणतं?

माझं दुसरं काम होतं मैदानावर. देवळामागच्या मोकळ्या जागेत उन्हाळ्याच्या संध्याकाळी आट्यापाट्यांचा डाव मांडत. तो खेळ तुम्हाला ठाऊकच आहे. जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर एक राखणदार, आणि धावणाऱ्याने त्याला हूल देऊन, त्याचा हात न लागू देता एकेक पाटी ओलांडायची. आमच्याकडे पाट्या राखेने आखत नसत, देवळाच्या पाण्याने आखत. जुनी माणसं म्हणायची, ओल्या रेघेवर लबाडी चालत नाही; ज्याचा पाय पडला त्याची टाचच साक्ष देते. ती रेघ मी ओढायची.

मला धरणारा हात होता विश्रामचा. तो देवळात पाणी भरायचा. पण त्याच्या तरुणपणी त्याच्यासारखा धावणारा ठाण्यापासून शीळपर्यंत नव्हता. मग एका साली कल्याणकरांशी सामना झाला. तिकडच्या पाटीवर दौलत नावाचा मिठागरातला गडी उभा होता. विश्राम त्याला चकवून निघाला, तोच दौलतचा पाय मध्ये आला. विश्राम कोसळला तो माझ्यावरच, कारण मी भरून पाटीच्या टोकाला ठेवलेली. त्याचा गुडघा मोडला, माझं पोट चेपलं आणि चोच वाकली. त्या दिवसापासून विश्राम लंगडतो आणि माझी धार डावीकडे झुकते. सरळ रेघ ओढायला तो मला उजवीकडे कलती धरायचा. चौदा वर्षं आम्ही दोघं एकमेकांचं असं व्यंग सांभाळत आलो.

खोटं कशाला बोलू, देवाच्या दारात उभी आहे. त्याला सूड हवा होता आणि मलाही हवा होता. दर उन्हाळ्यात रेघ ओढताना तो पुटपुटायचा, 'दौलत्या, तुझ्या डोळ्यांदेखत.' आणि मी माझ्या पोटातल्या पोच्यात ते शब्द साठवून ठेवायची.

अशात मधु आला. मुंबईला कॉलेजात शिकणारा, शनिवारी घरी येणारा, उंच, सडपातळ, लाजाळू पोर. त्याचे पाय पाहून विश्रामने मला हातातून खाली ठेवलं. इतके हलके पाय त्याने स्वतःचेच काय ते पाहिले होते.

देवळाच्या पायऱ्यांवर रोज बैठक भरायची. कचेरीतून निवृत्त झालेले त्र्यंबकराव हे तिथले मुख्य पंच. स्वतः कधी एक पाटीही ओलांडली नव्हती, पण कोणाच्या टाचेत किती दम आहे हे त्यांना बसल्या जागी कळे. शेजारी फुलांची टोपली घेऊन बायजा बसायची. तिचं बोलणं मोगऱ्याचं नव्हतं, निवडुंगाचं होतं. मधु धावला की पायऱ्यांवर चिरफाड सुरू. कोणी म्हणे, पोर चपळ आहे पण धीर नाही. कोणी म्हणे, तिसऱ्या पाटीनंतर दम लागतो, घरी दूध वाढवायला सांगा. कोणी म्हणे, दोन वर्षांनी बघा, कल्याणवाले वहाणा हातात घेऊन पळतील. त्र्यंबकराव म्हणत, आंबा जातिवंत आहे, पण अजून आढीत घालायचाय.

एका दोषावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. मधु नेहमी डावीकडे हूल द्यायचा आणि उजवीकडून निघायचा. दर वेळी.

"अवो, डावीकडं दावतोय नि उजवीकडं पळतोय," बायजा एकदा तो ऐकेल अशीच म्हणाली. "आता माझी शेळीबी त्याला धरंल."

पायऱ्या हसल्या. मधुचे कान लाल झाले. तो धोतराचा काचा आवळून पुन्हा धावला, आणि पुन्हा उजवीकडूनच निघाला.

यानंतरचं फक्त मला ठाऊक आहे. चैत्रात कॉलेजला सुटी लागली. मधु रोज पहाटे, मैदानात चिटपाखरू नसताना, यायचा. ओवरीतून मला उचलायचा, मैदानाच्या मध्ये ठेवायचा आणि मला राखणदार समजून हूल द्यायचा. उजवीकडे दाखवायचं, डावीकडून निघायचं. पहिले काही दिवस पायात पाय अडकून पडला. गुडघे फुटले. मला म्हणायचा, "अगं झारीबाई, हसू नकोस." रामनवमीच्या आदल्या दिवशी तो माझ्या डावीकडून असा निघाला, की मी खरी माणूस असते तरी त्याला शिवू शकले नसते. त्याने मला पुसून जागेवर ठेवलं. कोणाला सांगितलं नाही. पायरीवरच्यांना सामन्यातच दाखवायचं, असं त्याच्या मनात होतं.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी कल्याणकर होडीने खाडीतून येणार होते. दौलत आता म्हातारा झाला होता, पण त्याचा मुलगा दगडू पाचवी पाटी राखायचा. पाचव्या पाटीवर दगडूच उभा राहणार हे साऱ्या खाडीला माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी कीर्तन झालं. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी बुवांचा गळा म्हणजे साखरेची धार होती. पूर्वरंगात क्षमेचा अभंग, आणि उत्तररंगात त्या आईचं आख्यान, जिची पाच मुलं झोपेत मारली गेली आणि मारणारा बांधून समोर आणला तेव्हा जी म्हणाली, 'सोडा त्याला, त्याचीही आई आहे, ती माझ्यासारखी रडायला नको.' चिपळ्या थांबल्या. सभामंडपात हुंदके ऐकू येऊ लागले. विश्रामही खांबाला टेकून रडत होता. उपरण्याने त्याने डोळे पुसले, कपाळाला बुक्का लावला, बुवांच्या पायांवर माझ्यातलं पाणी घातलं.

आणि तसाच मला घेऊन तळ्यावर गेला.

तिथे त्याने मला काठोकाठ भरलं आणि ओंजळी भरभरून काळा, चिकट गाळ टोपलीत काढला. मैदानात जाऊन पाचव्या पाटीच्या डाव्या टोकाला हातभर माती उकरली आणि तिथे तो गाळ भरला. मग मला वाकवलं. त्या दिवशी त्याने मला उजवीकडे कलती धरली नाही. माझी धार जिथे झुकते तिथे तिला झुकू दिलं. गाळ लोण्यासारखा झाला. वर त्याने कोरडी धूळ भुरभुरली आणि त्यावरून नेहमीसारखी बारीक ओली रेघ ओढली. त्याचा हिशेब सरळ होता. मधु डावीकडे हूल देणार, दगडू तिकडे झेपावणार, त्याचा पाय गाळात जाणार, गुडघा मोडणार. मधु नेहमीप्रमाणे उजवीकडून सुखरूप निघणार. आणि दौलत ते डोळ्यांदेखत पाहणार.

मित्रांनो, मला चोच आहे, जीभ नाही. दोन्ही गोष्टी ठाऊक असणारी त्या मैदानावर मी एकटी होते. गाळ कुठे आहे ते मला ठाऊक होतं, आणि मधु काय शिकलाय तेही. तरी खरं सांगते, चार घटका मी फक्त दगडूच्या गुडघ्याचाच विचार केला. चौदा वर्षांचा पोचा असा ठसठसत होता, की मधुची ती पहाटेची हूल मला आठवलीच नाही. सूड पोटात असला की दुसरं काही राहायला तिथे जागा उरत नाही.

दिवस कलताना सामना सुरू झाला. पायऱ्या माणसांनी भरल्या. दौलत पाटीच्या टोकाशी, माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. मधुने पहिली पाटी ओलांडली, दुसरी, तिसरी. चार पाट्यांवर तो नेहमीसारखाच उजवीकडून निघाला. त्र्यंबकराव मान हलवत म्हणाले, तीच खोड, आता दगडू मारणार याला. दगडूही ते पाहत होता, आणि उजवीकडे जरा अधिकच झुकून उभा होता.

मधु पाचव्या पाटीसमोर थांबला. एकदा त्याने पायऱ्यांकडे पाहिलं. तेव्हा मला आठवलं.

त्याने उजवीकडे हूल दिली. इतकी सुरेख, की दगडू अख्खा उजवीकडे गेला. डावीकडची पाटी मोकळी पडली. तिथे माणूस नव्हता. मधु हसतच डावीकडून निघाला.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

दगडूला दोन पावलांत त्याला शिवता आलं असतं. तो शिवला नाही. मधुचं डोकं मांडीवर घेऊन तो खाली बसला. दौलत धावत आला, मला उचललं आणि माझ्यातलं उरलेलं गार पाणी मधुच्या गुडघ्यावर सोडलं. मग त्याने सहज बोटं मातीत घातली, आणि तिथेच थांबला. जन्मभर मिठागरात पायाने चिखल तुडवलेला माणूस तो. त्याला माती वाचता येत होती. त्याने बोटांचा वास घेतला आणि मान वर करून विश्रामकडे पाहिलं.

मधुला उचलून नेल्यावर ते दोघंच उरले, आणि मी.

"तल्याचा चिखल पाय फुटून हितं येत नाय, इश्राम," दौलत हळू म्हणाला. "तवा मी पाय घातलेला, खरा हाय. समद्यांच्या म्होरं घातलेला. तू वर धूल टाकलीस. माझ्या पोरासाठी ना?"

विश्राम पायाने माती लोटून तो खड्डा बुजवू लागला.

"मी कुनाला सांगनार नाय," दौलत म्हणाला. "तू हितंच पायरीवर बस, नि ऐकत ऱ्हा."

मित्रांनो, सूड म्हणतात तो हा. आमचा सूड हातभर खड्ड्यात मावला होता. दौलतचा पुढची बारा वर्षं पुरला.

कारण पायऱ्या बोलतच राहिल्या. दुसऱ्याच दिवशी निकाल लागला. त्र्यंबकराव म्हणाले, पोराने डावीकडे जायलाच नको होतं, सवय नसलेला पाय टाकला की असंच होतं. बायजा म्हणाली, उजवीकडनं बरा जात व्हता की. महिनाभर ज्यांनी त्याला उजव्या बाजूवरून टोचलं, त्यांनीच आता डाव्या बाजूवरून त्याला दोष दिला. कोणी म्हणे, ऐन वेळी कच खाल्ली. वर्षं गेली, नवी पोरं धावू लागली, आणि कोणी पाय चुकला की म्हणत, 'मधु झाला याचा.' विश्राम दर वेळी तोंड उघडायचा आणि मिटायचा. कीर्तनाला बसायचा, पण क्षमेचा अभंग लागला की उठून तळ्यावर जायचा. त्यानंतर त्याने मला मैदानावर नेलं नाही. पाट्या राखेने आखू लागले. मी समयांच्या मागे गेले.

अखेर एका रामनवमीला तो काठी टेकत पायऱ्यांवर आला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला.

"मधु बरोबर गेला होता," तो म्हणाला. "गाळ मी भरला होता. दगडूसाठी."

मग त्र्यंबकरावांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे पाणावले होते.

"विश्राम, तू मनाने फार मोठा रे," ते म्हणाले. "पोराची चूक झाकायला स्वतःवर घेतोस."

बायजाने त्याच्या हातावर मोगऱ्याची ओंजळ ठेवली. विश्राम पुन्हा सांगू लागला, पण कोणी ऐकेना. जो तो त्याला नमस्कार करत होता. त्याच पावसाळ्यात तो गेला.

मधु कल्याणच्या एका शाळेत मास्तर आहे. जिना चढताना कठड्याला धरतो. पोरांना तो स्वतःच सांगतो, म्हणे, मी ऐन वेळी चुकीच्या बाजूला गेलो, तुम्ही तसं करू नका. त्याचाही त्या निकालावर विश्वास बसला आहे.

ऐका, टाळ वाजू लागले. बुवा येतील. मला चिंचेने घासा, न घासा. हिरवी पडून राहीन, त्याचं काही नाही. पण भांडं हातात घ्याल तेव्हा त्यात काय भरताय ते बघा, कारण भांड्याला नाही म्हणता येत नाही. आणि पायरीवर बसून कोणाची चूक काढाल, तेव्हा त्याच्या पायाखाली काय होतं तेही एकदा विचारा.

आणि एवढं माझं ऐका. कधी कल्याणला गेलात आणि कठडा धरून जिना चढणारा एखादा मास्तर दिसला, तर त्याला सांगा, की ठाण्याच्या देवळातल्या झारीने तुमची आठवण ठेवली आहे. पहाटे सुनसान मैदानात तुम्ही तिच्या डावीकडून निघत होतात, ते तिने पाहिलं आहे. तो भेटला नाही, तर तुम्ही तरी लक्षात ठेवा. मधु त्या दिवशी बरोबर गेला होता.