उलटे आकडे

संजीवनीला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दहा नंबरवाल्याचं काम मात्र बरोबर कळायचं. बॉल हातात आला की दुसऱ्याला द्यायचा, लाथेनं उडवायचा की घेऊन पळायचं, हे त्यानं क्षणात ठरवायचं आणि बाकीच्या चौदा जणांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याला म्हणे फ्लाय-हाफ म्हणतात. तिचा धवल फ्लाय-हाफ होता. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या फ्लॅटमधून उठून न्यूझीलंडला गेला, चार वर्षं खेळला, खांदा मोडून घेतला, गुडघा शिवून घेतला. आता २०१७ साली, एकतिसाव्या वर्षी, सिंगापूरच्याच एका क्लबकडून खेळत होता. हंगाम संपला की जपानचा दोन वर्षांचा करार. त्यानंतर कोणी विचारणार नाही, हे त्यालाही माहीत होतं.

या खेळात डोक्याला मार बसला की डॉक्टर परीक्षा घेतात. पाच शब्द वाचून दाखवतात आणि दहा मिनिटांनी विचारतात, आकडे सांगतात आणि उलटे म्हणायला लावतात. नापास झालात की मैदानाबाहेर. आता शब्दांच्या याद्या ठरलेल्या, चार-सहाच. खेळाडू काय बावळट आहेत? त्यांनी त्या पाठ करून टाकल्या. आणि उलटे आकडे धवलला कोणी शिकवले? त्याच्या आईनं! पुण्यात अकरा वर्षं गणित शिकवलेली बाई. पोरगा म्हणाला, सराव घे, की ही कणीक मळता मळता आकडे घालायची. आधी मनात मराठीत उलटे कर आणि मग इंग्रजीत बोल, ही युक्तीसुद्धा तिचीच. कशासाठी रे, एवढं विचारायचं काही तिला सुचलं नाही.

त्या शनिवारी कोणाचा तरी गुडघा धवलच्या कानशिलावर बसला. त्याला दहा मिनिटं आत नेलं. तो पास होऊन बाहेर आला आणि शेवटची किक मारून त्यानं सामना जिंकून दिला. संजीवनी घसा बसेपर्यंत ओरडली. तिचा नवरा दिलीप तर सोमवारी जुरोंग आयलंडवरच्या कारखान्याच्या बसमध्ये वाटायला पेढे घेऊन गेला.

सोमवारी सकाळी तिनं थालीपीठं लावली. धवलनं तीन खाल्ली, वर लोणी मागून घेतलं. पुढच्या सामन्यासाठी डॉक्टरांचा होकार हवा होता, म्हणून दोघं एमआरटी मेट्रोनं निघाली. दुसरं स्टेशन गेलं आणि तो म्हणाला, "आई, आज नाश्ता का नाही केलास? भूक लागलीये."

तिला वाटलं चेष्टा करतोय. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. इतकी वर्षं आपण कसला सराव घेत होतो, ते तिला तिथं, धावत्या गाडीत कळलं.

दवाखान्यात टॅन डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द वाचले. धवलनं पाचही सांगितले. सहा आकडे दिले, ते त्यानं धडाधड उलटे म्हटले. संजीवनीचे ओठ आपोआप त्याच्याबरोबर हलत होते. बाईंनी सहीसाठी पेन उचललं. गप्प बसली असती तर कोणाला काही कळलं नसतं, आणि पोरगा जपानला गेला असता. तिला स्वतःचा भयंकर राग आला. मी एक विचारू का, असं तिनं बाईंना इंग्रजीत विचारलं आणि मग ती मुलाकडे वळली.

"धवल, सकाळी काय खाल्लंस?"

तो हसला, मग थांबला. आईच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का, ते बघत राहिला. नेहमी सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे.

"पोहे?" तो म्हणाला.

तिनं बाईंना खरं ते सांगितलं, आकड्यांचंसुद्धा. बाईंनी पेन खाली ठेवलं. आधी स्कॅन, हा हंगाम बंद, आणि पुढचं विचारूच नका, असं त्या म्हणाल्या.

लिफ्टपाशी आल्यावर त्यानं बटण दाबलं. मग म्हणाला, "तूच शिकवलंस ना मला?"

"मीच शिकवलं. चुकले."

लिफ्ट आली आणि गेली. तो भिंतीला टेकून उभा होता.

"काय होतं गं खरं?"

"थालीपीठ. तीन खाल्लीस. लोणी मागून घेतलंस."

तो बराच वेळ आठवायचा प्रयत्न करत राहिला.

"चांगली झाली होती?" त्यानं विचारलं.

संजीवनीला रडू आवरेना. तिनं त्याचा हात धरला आणि घरी गेल्यावर परत लावते म्हणाली.